रविवारी रांधलेले, गुरुवारी वाढलेले: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

शाळा उघडल्या की इंदुरातल्या नोकरदार घरांचा रविवार आठवड्याच्या रांधपात जातो आणि माझ्याकडे ते गोठवून ठेवण्याविषयीचे ठरलेले प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बदलतात, घोटाळा तोच. म्हणून या वेळी सगळ्यांना एकदमच उत्तरे देते.

छोले, राजमा, उसळी गोठवून किती दिवस ठेवाव्यात? (विजयनगर)

उणे १८ अंशांवर दोन ते तीन महिने. डब्यावर तारीख लिहा. ‘लक्षात राहते’ म्हणणाऱ्यांच्याच फ्रीजरमध्ये बेवारशी डबे निघतात.

आमचा फ्रिज सिंगल डोअर आहे, पण पाच स्टारचा. महिनाभराचे ठेवले तर चालेल ना? (सुदामानगर)

ते स्टार विजेचे. फ्रिज वीज किती खातो ते त्यावरून कळते, गोठवतो किती ते नाही. गोठवण्याचे तारे वेगळे आणि ते बर्फाच्या कप्प्यापाशी छापलेले असतात: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. दुकानदार आपण होऊन हे सांगणार नाही, त्याला पाच स्टार विकायचे असतात. तारे दिसत नसतील तर कप्प्यात थर्मामीटर ठेवून पाहा. आत ठेवलेल्या आइस्क्रीममध्ये चमचा अलगद रुतत असेल, तर तो कप्पा बर्फ जमवण्यापुरताच समजा आणि तीन दिवसांच्या वर काही करून ठेवू नका.

गोठवलेल्या रश्शातला बटाटा रवाळ का लागतो?

आतले पाणी गोठताना पेशी फाटतात म्हणून. रस्सा गोठवा, बटाटा वाढायच्या दिवशी उकडून घाला. कढीही गोठवू नका, फुटते. पुरण खुशाल गोठवा.

थंडीत स्वस्त झालेला मटार सोलून तसाच भरून ठेवला. आता त्याला गवताचा वास येतो.

येणारच. दाण्यातली विकरे (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून पिशवीत. हिरव्या रंगासाठी सोडा घालायची गरज नाही, कुणीही सांगितले असले तरी.

सासूबाई गरम पातेले फ्रिजमध्ये ठेवू देत नाहीत. रविवारी रात्री केलेला डाळ-भात रात्रभर ओट्यावर निवतो, सकाळी मी डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवते. खाताना खळखळून गरम करतोच, मग बिघडते कुठे? (रामबाग)

ओट्यावर. आणि जे तिथे बिघडले ते पुढे फ्रीजरलाही सुधारत नाही आणि गॅसलाही नाही.

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात उकळून शिजला तरी त्यातले काही तगतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारे हे विष पुन्हा उकळल्याने जात नाही. तुमच्या ‘खळखळून’चा इथे काही उपयोग नाही. डाळ, छोले, मटणाच्या मोठ्या पातेल्यात असाच तगून क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू वाढतो. फ्रीजरमध्ये हे जिवाणू मरतात हा तर घरोघरचा समज. ते मरत नाहीत, नुसते थांबतात. डबा बाहेर काढला की पुन्हा सुरू.

साठ अंशांच्या खाली आणि पाचच्या वर अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. दोन तासांत ते फ्रिजमध्ये जायला हवे, आणि मे महिन्यात आपली स्वयंपाकघरे तापतात तेव्हा एका तासात. पातेल्याला बाहेरून हात लावून ‘निवले’ म्हणू नका. डाव घालून मधली डाळ वर काढा, वाफ येईल.

मग करायचे काय? भात परातीत पसरा. डाळ दोन-तीन उथळ डब्यांत ओता, डबे बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि अधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात कोमट होते. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना रस्सा फुगतो. फ्रीजरमध्ये डबे एकावर एक न रचता आधी सुटे ठेवा. सासूबाईंचे अर्धे बरोबर आहे: उकळते पातेले तसेच आत ढकलले तर शेजारचे दूधही तापते. पण त्यावर उपाय रात्रभर ओटा हा नव्हे. रात्रभर बाहेर राहिलेले टाकूनच द्या, घरात लहान मूल, गर्भवती किंवा म्हातारे माणूस असेल तर विशेषच. खाऊन झाले असेल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरच्या काढ्यांत दिवस घालवू नका, डॉक्टर गाठा.

एका प्रदर्शनात व्हॅक्यूम मशीन घेतली. विकणारा म्हणाला, यात बंद केलेली भाजी महिनोन्‌महिने बाहेर टिकते.

मशीन ठेवा, त्याचे बोलणे सोडा. हवा काढल्याने फ्रीजरमध्ये भाजी वाळत नाही, एवढाच फायदा. बाहेर ठेवलेल्या हवाबंद पिशवीत बोटुलिनमसारख्या जिवाणूंना रान मोकळे, कारण त्यांना हवा नकोच असते. त्यांच्या विषाने अंग लुळे पडते आणि पिशवी फुगेलच किंवा वास येईलच असेही नाही. बाहेर राहिलेली पिशवी चाखूनसुद्धा पाहू नका. अशीच ‘घरगुती, बिना प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून विकली जाणारी गोठवलेली पाकिटे घेताना त्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर विक्रेत्याला विचारा, आणि तो टोलवाटोलवी करू लागला तर पुढच्या दुकानात जा.

मेंटेनन्ससाठी सहा तास लाइट गेली. सगळे फेकायचे का?

नाही. दार उघडले नसेल तर भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. डब्यात बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवता येते, चव थोडी उतरेल. दर दहा मिनिटांनी उघडून ‘वितळले का’ बघणारे मात्र स्वतःच ते वितळवतात.

वडिलांना मधुमेह आहे. गोठवून गरम केलेल्या भाताने साखर वाढत नाही असा मेसेज आला. खरे आहे?

भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो, एवढे खरे. ‘वाढत नाही’ हे खोटे. भात तो भातच, वाटी मोजूनच वाढा. मेसेज वाचून गोळी किंवा इन्सुलिन कमी करू नका. असा भात खायचाच असेल तर त्याआधी आणि दोन तासांनी साखर मोजून लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पुढच्या तपासणीपर्यंतही थांबू नका, याच आठवड्यात फोन करा.