एजन्सी म्हणते ३ महिन्यांत गूगलवर पहिला नंबर आणून देतो, ४० हजार द्यावेत का? गूगल नंबर ठरवतं तरी कसं?

देऊ नका. तुम्ही लिहिलंय की घरगुती फराळाची साइट काढून वर्ष झालं तरी गूगलवर कुठेच दिसत नाही आणि ही एजन्सी गॅरंटी देतेय. गॅरंटी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. पहिल्या नंबरची खात्री कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

आमचं लालबागला मसाला कुटून द्यायचं दुकान आहे, बाबांचा डंक. २०११ ला दादाने अंधेरीच्या एका एजन्सीला २५ हजार दिले, मी नको नको म्हणत होते पण मी धाकटी, माझं कोण ऐकतंय. साइट खरंच वर आली, इंग्लिशमध्ये 'मालवणी मसाला मुंबई' टाकलं की पहिल्या तिनात आम्ही, दादा लग्नाकार्यात मोबाइल काढून दाखवायचा. मग आला २०१२ चा एप्रिल. आमच्याकडे एप्रिल म्हणजे बायका वाळवलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन सकाळपासून रांगेत, पावसाच्या आत वर्षाचा मसाला झालाच पाहिजे. नेमका २४ एप्रिलला गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, विकतच्या लिंका नि कोंबलेले शब्द वापरून वर आलेल्या साइट खाली ढकलणारा, आणि आठवड्यात आमची साइट पाचव्या पानावरही सापडेना. कुरियरने मागवणाऱ्यांचे फोन बंद झाले, ऐन सीझनला.

त्या रात्री शटर ओढल्यावर मी कॉम्प्युटरवर बसले. पानाच्या तळाला उगाच मोठी पांढरी जागा दिसत होती, तिथे माउस दाबून खाली ओढला तर निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटली. पांढऱ्यावर पांढरी! मालवणी मसाला, बेस्ट मालवणी मसाला, लालबाग मसाला, परत तेच, मोजलं तर ६४ वेळा. आणि आम्हाला लिंका कुणी दिलेल्या, तर कसिनोवाल्यांनी आणि अमेरिकेतल्या दातांच्या डॉक्टरांच्या कसल्याशा यादीने. त्यांचा आमच्या मसाल्याशी काय संबंध? बिलात मेटा कीवर्डचेही, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या शब्दांचेही पैसे लावलेले, जे रँकिंगसाठी वापरत नाही असं गूगलने २००९ लाच जाहीर केलं होतं.

गूगल ठरवतं कसं, तर आपण सर्च करतो तेव्हा ते इंटरनेटभर शोधायला जात नाही. त्याचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आधीच एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचून सूची करून ठेवतो, उत्तर त्या सूचीतून येतं. वर कोण यायला बऱ्याच गोष्टी लागतात, पण गूगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन यांची १९९८ ची मूळ कल्पना अशी की कुणी तुम्हाला लिंक दिली म्हणजे मत दिलं, आणि ज्याला स्वतःला जास्त मतं त्याच्या मताला वजन जास्त. आमच्या एजन्सीने मतं विकत घेतली होती.

निस्तरायला वर्ष गेलं. लपवलेलं लिखाण एका रात्रीत काढलं, पण लिंका दुसऱ्यांच्या साइटवर, मेल करकरून थकले. ऑक्टोबर २०१२ ला गूगलने नको त्या लिंका नाकारायची सोय दिली तेव्हा यादी अपलोड केली, तरी थांबावं लागलं कारण पेंग्विन तेव्हा अधूनमधूनच चालवायचे (२०१६ पासून सतत चालतं). तोवर मी आमचं मराठी रेट कार्ड नीट केलं. ते जुन्या डीटीपी फाँटमधलं, फोटो म्हणून चिकटवलेलं, त्यातलं अक्षरही सूचीत जात नव्हतं, ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे गूगलला वाचता येईल अशा अक्षरांत, टाइप केलं. आणि काउंटरवर बायका जे विचारतात ते आईला विचारून लिहिलं. किलोभर मिरचीला धणे किती, बेडगी किती नि संकेश्वरी किती, मिरची कितपत कडकडीत वाळली की आणायची, बरणीत हिंगाचे खडे कशाला. २०१३ च्या मे महिन्यात डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला, 'ते हिंगाच्या खड्यांचं वाचलं, मसाला पाठवाल का?' मी फोन आईच्या हातात दिला.

दादा अजून म्हणतो एजन्सी स्वस्तातली होती म्हणून झालं, ५० हजारवाली घेतली असती तर टिकलो असतो. नसतो टिकलो, दादा. जास्त पैशात जास्त लिंका आल्या असत्या आणि त्या काढायला मला अजून एक वर्ष लागलं असतं.

तुम्ही भाजणीचं प्रमाण लिहा, दिवाळीच्या किती दिवस आधीपर्यंत ऑर्डर घेता, कुठवर पोचवता ते लिहा. गूगलवर धंद्याचं प्रोफाइल फुकट बनतं. आणि हो, वर्षभर कुठेच नाही म्हणजे साइट बनवणाऱ्याने नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान सूचीत घेऊ नका' ही गूगलला दिलेली सूचना, तशीच ठेवलेली असू शकते, सर्च कन्सोल म्हणून साइटवाल्यांसाठी गूगलचं साधन आहे, त्यात आधी ते बघा, तेही फुकट आहे.

सगळ्या एजन्सी तशा नसतात हेही खरं, साइट स्लो असेल, मोबाइलवर नीट उघडत नसेल तर माणूस लागतोच. पण चांगला माणूस चार महिने ते वर्ष लागेल असं सांगेल आणि काय काय केलं ते लेखी देईल. लिंका कुठून आणणार ते आधीच विचारा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर ठेवा, आमचं त्यांच्या नावावर होतं, ते सोडवायला वेगळे ८ हजार गेले.