आधी वजनकाटा, मग राजवाडा

दांडिया बाजार, बडोदे
बुधवार, रात्री

पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल कराटे क्लासच्या पायरीवर बसून तू विचारलंस, "सर, बाहेरच्या देशाची टीम माझ्या गळ्यात टाकलीय, पण चार दिवस मी करायचं काय?" मी "सांगतो, सांगतो" म्हणून सुटलो. मागे लहान बॅचचा आरडाओरडा चालला होता, आणि मला तोंडी नीट सांगता येत नाही हे सात वर्षांत तुला कळलंच असेल. म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक विषय उरकतो. आपल्या गावात होणाऱ्या कराटे स्पर्धेच्या संघात तुझं नाव नाही, आणि त्याच स्पर्धेत तुला ओळखपत्र अडकवून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्यात. जिवाला लागणारच. मी समजूत घालत नाही. एवढंच सांगतो, स्वयंसेवकांत तुझं नाव मी दिलं, आणि कीव आली म्हणून दिलं नाही. स्वागत समितीत मंडळी हौशी आहेत, पण उद्या वजन आहे म्हणून आदल्या रात्री अर्ध्या पेल्या पाण्यावर झोपलेलं त्यांच्यात कोणी नाही. तू झोपली आहेस.

समितीच्या बैठकीला मी शेवटच्या खुर्चीवर होतो. ढोल, तुतारी, फेटे, ओवाळणी, पेढे, आणि आल्या संध्याकाळी सगळ्यांना बसमध्ये घालून लक्ष्मी विलास. आपण बडोदेकर, पाहुणा आला की त्याला राजवाडा दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण ही मुलं येतात कशी, ते बघ. एक-दोन विमानं बदलून अहमदाबाद, तिथून एक्सप्रेसवेने दोन तास बस. कॅडेट म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची, ज्युनिअर सोळा-सतराची. घरी मध्यरात्र असते तेव्हा आपण त्यांच्या कपाळाला कुंकू लावत असतो. दुसऱ्या दिवशी वजन आणि त्यानंतर लढती. त्या संध्याकाळी त्यांना अंधारी खोली लागते, गार पाणी लागतं, आणि वजनकाटा कुठे आहे ते कळायला लागतं. राजवाडा १८९० पासून उभा आहे, आणखी तीन दिवस थांबेल.

ओवाळणी करा, माझी ना नाही. पण हळदीचं बोट सांभाळा. एका स्पर्धेच्या उद्घाटनाला आम्ही मुलींना संचलनासाठी गी, म्हणजे कराटेचा पांढरा पोशाख, घालूनच बोलावलं होतं. ओवाळताना एकीच्या गळपट्टीवर ओल्या हळदीचा ठिपका पडला. तिने खोलीवर जाऊन भाबडेपणाने साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्या आजीला ठाऊक, त्या बिचारीला कुठून असणार? दुसऱ्या दिवशी तातामीवर, म्हणजे लढतीच्या मॅटवर, उभी राहिली तर गळ्याशी चांगला तांबडा डाग. रेफ्रीला वाटलं रक्त. लढत थांबवून त्याने तिची मान तपासली, मग दुसरी गी घालून यायला सांगितलं. दुसरी गी हॉटेलवर! आमच्याच एका मुलीची घातली, बाह्या मनगटाखाली लोंबत होत्या. तर तबक तुझ्याकडे आलं की टिळा कोरड्या कुंकवाचा लाव, आणि लावण्याआधी खुणेने विचार. काहींच्या धर्मात टिळा चालत नाही. नुसते हात जोडलेस तरी पुरे, उलट ती मुलं तुझ्यापेक्षा छान वाकून नमस्कार करतील.

पेढ्यांचं काय करायचं? बॉक्स घे, हसून घे, आणि टीमच्या मॅनेजरच्या हातात दे. मुलांसमोर उघडू नकोस. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, गट वजनावर पडतात. पंचावन्नच्या आत बसायला कोणी आठवडाभर भात सोडलेला असतो, आणि आपण प्रेमाने त्याच्यापुढे मावा धरतो. वजन झालं की मग काय हवं ते. तेव्हासुद्धा आपली गोड डाळ आणि सुरती उंधियु पहिल्याच घासाला नको. साधा भात, दही, केळी, उकडलेले बटाटे, चालत असेल त्यांना उकडलेली अंडी. अंड्यांचं हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेव. आपल्याकडे शाकाहारी हॉटेलं बरीच, ऐनवेळी पंचाईत होते. सेव उसळ लढती संपेपर्यंत बंद. तुझीसुद्धा, कारण तू खात असलीस की ती मागणारच.

आता हॉल. त्यांची बस पोचायच्या आत तू एकदा एकटी जाऊन ये. वॉर्मअपच्या मॅट कुठे, बर्फ कोणाकडे, डॉक्टर कोणत्या कोपऱ्यात, मुलींचं स्वच्छतागृह कुठलं आणि त्याला कडी आहे का, हे पायांनी बघून ये. आठ मीटर बाय आठ मीटरचा चौकोन सगळीकडे सारखाच, पण कोणत्या नंबरच्या तातामीकडे कोणत्या दारातून सोडतात हे दर हॉलमध्ये वेगळं असतं, आणि मुलं हरवतात ती तिथेच. नाव पुकारल्यावर पोचली नाहीत तर गेली. म्हणून कुमितेच्या दिवशी प्रत्येकीची पिशवी आदल्या रात्री मोज: लाल ग्लव्हज, निळे ग्लव्हज, दोन्ही रंगांचे पट्टे, शिनगार्ड, फूटगार्ड, माउथगार्ड. आका की आओ, म्हणजे लाल की निळा, हे ड्रॉ ठरवतो, आणि एका रंगाचा एक ग्लव्ह नेमका घरी राहतो. माउथगार्ड तर टिशूत गुंडाळून ठेवतात आणि कचरा म्हणून आपणच फेकतो.

फोटोचं एक सांगतो आणि पुढे जातो. ही सगळी अल्पवयीन मुलं आहेत. मॅनेजरला विचारल्याशिवाय त्यांचा फोटो कुठेही टाकायचा नाही, आणि एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन कुठेही जायचं नाही. यात "पण सर" नाही.

खरं सांगायचंय ते हरलेल्यांबद्दल.

बत्तीस जणांचा ड्रॉ असला तर पहिल्या फेरीतच सोळा जण बाहेर. कॅडेट आणि ज्युनिअरची लढत दोन मिनिटांची, आणि आठ गुणांची आघाडी झाली तर तीही पुरी होत नाही. कानाजवळ एक लाथ बसली की तीन गुण, तशा दोन बसल्या आणि वर दोन गुद्दे बसले की संपलं. दोन दिवसांचा प्रवास आणि चाळीस सेकंदांची लढत! सकाळी साडेनऊला हे पोर मोकळं होतं, आणि पुढचे तीन दिवस त्याला या गावात काढायचे असतात. समितीच्या कागदावर विजेत्यांचा सत्कार आहे, हार-शाल आहे. या साडेनऊच्या पोरांसाठी एक ओळ नाही. ती ओळ तू.

पण घाई करू नकोस. ती घाई मी केलेली आहे. बरीच वर्षं झाली, दुसऱ्या एका गावात स्पर्धा होती. माझा एक मुलगा पहिल्याच लढतीत पडला, चार-शून्य. कोपऱ्यात टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता. मला राहवलं नाही. म्हटलं चल, बाहेर चहा पिऊ. चहाचं जेवण झालं, जेवणानंतर नदीकाठी जाऊन आलो, पोरगं हसायला लागलं. मी माझ्यावरच खूश. परत आलो तर टेबलावरचा माणूस म्हणाला, तुमच्या मुलाचं नाव तीनदा पुकारलं. झालं असं होतं, की ज्याने याला हरवलं तो थेट अंतिम फेरीत गेला होता, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून जे हरलेले असतात त्यांना रेपेचाजमध्ये ब्राँझसाठी पुन्हा संधी मिळते. मला नियम पाठ होता. पाठ असून मी त्याला भात खायला घेऊन गेलो होतो. मुलगा एक शब्द बोलला नाही. परतीच्या गाडीत त्याने मला वरचा बर्थ दिला, माझी कंबर दुखते म्हणून. तेच जास्त लागलं.

तेव्हा तुझं पोर हरलं की आधी बोर्डावर बघ, हरवणारा कुठवर पोचलाय. तो हरेपर्यंत तुझ्या पोराची गी अंगावरच राहू दे, पाणी घोट-घोट, पाय गरम. आणि "संधी आहे" असंही सांगत सुटू नकोस. ते त्याच्या कोचचं काम. तू नुसती बोर्ड आणि पोर यांच्यामध्ये ये-जा करत राहा. हरवणारा बाद झाला, मॅनेजरने मान हलवली, की मग गाव त्याचं. एकट्याला न्यायचं नाही हे सांगितलंच आहे. तोवर आणखी दोघं-तिघं मोकळी झालेली असतातच, सगळ्यांना मिळून ने, आणि त्यांच्यातलं एक मोठं माणूस बरोबर घे.

मग न्यायचं कुठे? राजवाड्यात पहिल्यांदा नको. नुकत्याच हरलेल्या पोराला दुसऱ्याची श्रीमंती बघवत नाही, असा माझा अनुभव आहे; तुला पटणार नाही कदाचित. मी कमाटीबागेत नेतो. तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, बहात्तर फुटी. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. त्याच्या बरगड्यांसमोर उभं राहिलं की बोलावं लागत नाही, भाषेची अडचण नाही. येताना विश्वामित्रीच्या पुलावर थांब. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात हे आपल्याला रोजचं, त्यांना खरं वाटत नाही. एखादी दिसली तर ठीक, नाही दिसली तर काठावरच्या ओंडक्याला मगर समजून ती स्वतःच ओरडतील. घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळतं. माझा मुद्दा फक्त तेवढाच: चाळीस सेकंदांपेक्षा मोठी अशी काहीतरी गोष्ट त्यांच्याकडे असू दे.

जरा मोठी मुलं असतील, चौकशा करणारी, तर त्यांना जुम्मादादा व्यायाम मंदिरात ने. राजरत्न माणिकरावांनी आपल्या उस्तादाचं नाव या आखाड्याला दिलं. मल्लखांब, लाठी, लेझीम, आणि संघव्यायामाचे हुकूम इंग्रजी टाकून हिंदीत. याच गावातून मुजुमदारांनी व्यायामावरचा दहा खंडांचा ज्ञानकोश मराठीत काढला. हे का सांगायचं, तर आपल्याकडे कराटेवाल्यांना वाटतं की शिस्त जपानहून बोटीने आली. कराटेगुरू फुनाकोशी ओकिनावा बेटाहून टोकियोला कराटे घेऊन गेले १९२२ मध्ये. त्याआधी ओकिनावातल्याच इतोसू गुरूंनी शाळकरी पोरांना झेपाव्यात म्हणून पिनान काता, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिका, बसवल्या, ज्यांना शोतोकान शैलीवाले हेइयान म्हणतात आणि ज्या तू आठव्या वर्षी उलट्या दिशेने वळून केल्यास. तिकडे इतोसू, इकडे माणिकराव: दोघांपुढे प्रश्न एकच होता, गुरूच्या अंगणातली विद्या शंभर पोरांच्या रांगेला कशी शिकवायची. ओकिनावाचा किंवा इराणचा मुलगा आखाड्याच्या मातीवर उभा राहिला की त्याला हे सांगून बघ. मोडकं इंग्रजी चालेल. मल्लखांबावर मात्र चढू देऊ नकोस, उरलेल्या लढतींआधी बोट मोडलं तर त्याचा कोच मला शोधत येईल.

राजवाडा शेवटच्या दिवशी, सगळ्यांना एकत्र. तिथे तुला काही करावं लागणार नाही.

आता एक अवघड गोष्ट. ड्रॉ अजून निघालेला नाही, पण तुझ्या वजनगटात तुझ्या टीमचीही एक मुलगी आहे. आपल्या संघातून जी गेलीय, तुझ्या जागी म्हणू का? म्हणतोच, तीही त्याच गटात. दोघी समोरासमोर आल्या, तर तू बाटली धरून निळ्या बाजूला उभी असशील आणि समोर लाल पट्ट्यात ती, जिच्याबरोबर तू सात वर्षं सराव केलास. मला विचारशील तर टाळ्या कोणासाठीच वाजवू नकोस. ओरडू नकोस. हात मोकळे ठेव. तिचं डावं कोपर पुढे येतं, लाथ मारायच्या आधी खांदा पडतो, हे तुला ठाऊक आहे. ते तुझ्या पाहुणीला सांगायचं नाही, आणि सांगावंसं वाटलं म्हणून स्वतःवर चिडायचंही नाही. वाटेलच. मलाही वाटलं असतं. 'यामे', म्हणजे थांबायचा हुकूम, झाला की झाकण उघडून बाटली पुढे कर. संपल्यावर दोघी एकमेकींना वाकतील, कोचला वाकतील. तू कोणाच्या गणतीत नसशील, तरी वाक. मी पलीकडच्या खुर्चीत असेन, मला दिसेल.

२०२१ ला टोकियोत कराटे ऑलिंपिकमध्ये आलं, २०२४ ला पॅरिसला नव्हतं. या पोरांना मोठं व्यासपीठ म्हणून अशाच स्पर्धा उरतात. म्हणून ती आपल्या गावात दोन दिवसांचा प्रवास करून येतात, आणि म्हणून मी एवढं लांबवलं. तुझ्या काकू दिवा बंद करा म्हणतायत.

उद्या संध्याकाळी सहाला क्लासवर ये. आपला वजनकाटा माझ्या स्कूटरवर घालून हॉटेलवर पोचवू, त्यांच्या मजल्यावर ठेवू, म्हणजे रात्री-अपरात्री पोरांना हॉलपर्यंत धावायला नको. सेल बदललेत. फक्त आपला काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काट्यावरच चिकटव.

तुझा,
सर