गाडीचा ईसीएम गेलाय म्हणतायत, नवीन टाकू की जुनाच रिपेअर करू?

तुम्ही लिहिलंय की २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे, तासभर चालवली की हायवेला मधेच बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी परत स्टार्ट होते, गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय सांगितलं आणि नवीन टाकायचे ३८ हजार मागितलेत. मी वायरमन आहे, गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो, आणि हे वाचून माझा पहिला संशय ईसीएमवर जातच नाहीये, क्रँक सेन्सरवर जातोय. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू ही त्या सेन्सरची जुनी खोड आहे, तो तापला की सिग्नल तुटतो, मग इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही आणि तो डिझेल मारणं थांबवतो. त्याचा खर्च ३८ हजारांच्या जवळपाससुद्धा जात नाही.

आता ईसीएमच्या आत सोल्डर तडकलं असेल तर तेही तापल्यावर अगदी असंच वागतं, हे खरंय, म्हणून दोन्हीतला फरक ओळखायचा कसा ते सांगतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की ती सुरक्षित बाजूला घ्या, पार्किंग लाईट लावा आणि गार व्हायची वाट न बघता तिथेच स्कॅनर जोडा, साधा ब्लूटूथवाला ओबीडी ॲडॉप्टर (गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लागणारा) आणि मोबाईलवरचं ॲप चालेल. किल्ली ऑन करा, ॲप ईसीएमशी कनेक्ट होतंय का बघा, मग सेल्फ मारताना आरपीएम बघा. कनेक्ट होतंय पण सेल्फ फिरत असताना आरपीएम शून्यच, तर सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम दोनशेच्या आसपास दिसतोय तरी स्टार्ट नाही, तर रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब), डिझेल सप्लाय तिकडे बघायचं. आणि ॲप कनेक्टच होत नाही, एरवी मात्र होतं, तरच ईसीएमचा विषय काढायचा. गार गाडी गॅरेजमध्ये उभी करून लावलेल्या स्कॅनरला यातलं फारसं काही दिसत नाही, आणि तुमच्या बाबतीत बहुतेक तेच झालंय.

कनेक्ट झालं नाही तरी लगेच ईसीएम मेला असं धरू नका, त्याला करंट मिळतोय का ते आधी. मेन रिलेचे, म्हणजे ईसीएमला करंट जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळके असले की तापल्यावर सप्लाय तुटतो, तसला दुसरा रिले बदलून बघायला पाच मिनिटं लागतात. मग अर्थिंग. अर्थिंग नुसतं टेस्ट लॅम्पने बघून भागत नाही, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन ईसीएमच्या अर्थ वायरला, आणि किल्ली ऑन असताना आणि सेल्फ मारताना रीडिंग घ्या, ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. बॉडीला जिथे ती वायर बोल्टने लावलेली असते तिथे गंज चढलेला असतो, आपल्या कोकणातल्या गाड्यांना तर विशेष.

तिसरी गोष्ट बरेच जण बघतच नाहीत, ती म्हणजे ५ व्होल्टची लाईन. ईसीएम बऱ्याच सेन्सरना एकाच लाईनवरून ५ व्होल्ट देतो, त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळी लाईन खाली बसते आणि कधीकधी ईसीएम पूर्ण मेल्यासारखा वागतो, स्कॅनरलाही बोलत नाही. अशा वेळी सेन्सरचे कपलर (वायरीचे प्लग) एकेक करून काढत जायचे, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर.

स्कॅनरमध्ये येणाऱ्या फॉल्ट कोडचं म्हणाल तर पी०६०६ म्हणजे प्रोसेसरचा फॉल्ट, पी०६०१ म्हणजे मेमरीचा, हे आले की लोक सरळ ईसीएमची ऑर्डर देतात. पण सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली पडत असेल तरी असले कोड येऊ शकतात. बॅटरी नीट करा, कोड क्लिअर करा, गाडी चालवा, परत आला तर मानू.

एवढं सगळं करून ईसीएमच निघाला, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय दुसरा लावू देऊ नका. इंजेक्टरची कॉइल किंवा त्याची वायर शॉर्ट असेल तर नवीन ईसीएमचा ड्रायव्हरसुद्धा (इंजेक्टरला करंट देणारा आतला भाग) जळू शकतो, आणि तेव्हा कोणी वॉरंटी देत नाही. पाणी गेलंय का बघा, कपलरच्या पिना हिरव्या पडल्यात का, काचेखालच्या जाळीत झाडाचा पाला अडकून पाणी आत उतरतंय का. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का. जंप स्टार्ट करताना वायरी उलट लागल्या होत्या का, बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी काढली होती का. (आणि वॉशिंग सेंटरवाल्याला इंजिनवर प्रेशरने पाणी मारू देत असाल तर ते आजपासून बंद.) पाणी किंवा उंदीर निघाला तर काही उघडायच्या आधी इन्शुरन्सला कळवा, सर्व्हेयरने बघायच्या आत खोललं की क्लेमला अडचण येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत, आधी रिपेअर. ईसीएमची बेंचवर टेस्टिंग करणारे आता मोठ्या शहरांत मिळतात, तडकलेलं सोल्डर, कपॅसिटर, ड्रायव्हर आयसी ही कामं होतात, फक्त बोर्ड जेलमध्ये बुडवलेला असेल तर अवघड जातं. रिपेअरला देतानाच त्यातला डेटा कॉपी करून ठेवायला सांगा, कारण नंतर बोर्ड पूर्ण गेला तर तो मिळणार नाही. भंगारातला, म्हणजे कुर्ला वगैरे ठिकाणचा, स्वस्त पडतो पण लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे, आणि जुळला तरी त्यात दुसऱ्या गाडीचा इमोबिलायझर (चोरी रोखायला किल्ली ओळखणारी सिस्टीम) असतो, तुमची किल्ली तो ओळखणार नाही, सेल्फ फिरेल आणि गाडी लागणार नाही किंवा लागून लगेच बंद होईल. तुमच्या ईसीएमचा डेटा त्यात क्लोन करून देणारा असेल तरच घ्या. नवीन घ्यायचाच झाला तर प्रोग्रॅमिंग, किल्ल्या मॅच करणं आणि इंजेक्टरचे कोड टाकणं हे त्या ३८ हजारात धरलंय का ते विचारा. डिझेलला प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा कोड छापलेला असतो, तो सिलिंडरप्रमाणे ईसीएममध्ये भरावा लागतो, नाही भरला तर गाडी आयडलला थरथरते आणि धूर मारते आणि मग तुम्हाला इंजेक्टर बदला म्हणून सांगतील. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलेला पाहिजे, मधेच व्होल्टेज पडलं तर नवीन युनिट तिथेच बाद होऊ शकतं.

आणि जुना ईसीएम बदलला तरी गॅरेजवर सोडू नका, परत मागा, रिपेअर होऊन स्पेअर राहतो. बाकी स्कॅनरमध्ये नक्की कोणते कोड आले होते ते पूर्ण नंबरसकट खाली टाका, आणि गाडी बंद पडते तेव्हा आरपीएमचा काटा झटक्यात शून्यावर येतो की हळूहळू, तेही लिहा, मग अजून नीट सांगता येईल.