वाचकांचे प्रश्न : ‘द्राक्षवेल’ हे नाव मिळत नाही, काय करावे?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग असून गेले दोन हंगाम आम्ही घरीच बेदाणा तयार करतो. नाशिकमध्ये तो ओळखीपाळखीतून विकला जातो. आता पुण्या-मुंबईहून विचारणा होऊ लागल्याने वेबसाइट करायची आहे. ‘द्राक्षवेल’ हे नाव घरात सर्वांना आवडले, परंतु डॉट कॉममध्ये ते कुणीतरी आधीच घेऊन ठेवले आहे आणि सोडण्यासाठी 50 हजार रुपये मागत आहे. ते पैसे द्यावेत, नावाच्या मध्ये आडवी रेघ घालून घ्यावे, डॉट इन घ्यावे, की डॉट भारत? वेबसाइट करून देणारे गृहस्थ म्हणतात की, नाव ते स्वतःच्याच खात्यावर घेतील. हे चालेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : 50 हजार रुपये देऊ नयेत, आणि त्याचे कारण केवळ रक्कम मोठी आहे एवढेच नाही. ‘द्राक्षवेल’ हा शब्द देवनागरीत देखणा आहे. मात्र आपले बहुतेक गिऱ्हाईक पत्ता रोमन अक्षरांत टाइप करणार, आणि तेथे या शब्दाची पार दैना होते. ‘द्रा’साठी कुणी एक ‘ए’ देईल, कुणी दोन. ‘क्ष’साठी कुणी ‘के एस एच’ लिहील, तर कुणी चॅटच्या सवयीने नुसता ‘एक्स’. त्यापुढचा ‘ए’ ठेवायचा की गाळायचा आणि ‘वेल’ची सुरुवात ‘व्ही’ने करायची की ‘डब्ल्यू’ने, हेही ज्याच्या त्याच्या मर्जीवर. चार जागी दोन-दोन पर्याय धरले तरी एका नावाची 16 स्पेलिंग होतात, आणि 50 हजार मोजून त्यांतले फक्त एक आपल्या हाती येते.

म्हणून नाव ठरवण्यापूर्वी एक चाचणी करावी. पाच नातेवाइकांना फोन करून मनातले नाव एकदाच सांगावे, स्पेलिंग सांगू नये, आणि त्यांना ते इंग्रजी अक्षरांत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगावे. पाचांपैकी चौघांचे उत्तर सारखे आले नाही, तर ते नाव सोडून द्यावे, मग ते आजोबांनी सुचवलेले का असेना. या चाचणीत आपले अनेक गोड शब्द नापास होतात: ‘बाग’ एका ‘ए’ने लिहिली की पिशवी होते, आणि ‘मळा’ रोमनमध्ये गेला की तो मळा, माळा, माला की नुसते ‘मला’, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ‘मनुका’ या शब्दाचे स्पेलिंग सोपे आहे, पण त्याच अक्षरांनी शोधले असता न्यूझीलंडमधल्या मानुका झुडपाचा मध समोर येतो. ‘बेदाणा’ रोमनमध्ये ‘बेदाना’ होतो, आणि बंगालीत त्याचा अर्थ डाळिंब. आपले गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असल्याने बंगालीची अडचण मोठी नाही. मधाची मात्र आहे.

माझ्या मते, लहान आडनाव किंवा घरात रुळलेला दोन-तीन अक्षरांचा एखादा शब्द आणि त्यापुढे मालाचे नाव, अशी जोडणी सर्वांत टिकाऊ ठरते. गावाचे नाव जोडायचे असल्यास निफाडमध्ये ‘पी एच’ की ‘एफ’ हा घोळ आहेच, आणि खुद्द नाशिकही इंग्रजीत ‘एच’सह व ‘एच’शिवाय अशा दोन्ही प्रकारे लिहिले जाते. तेव्हा नाशिक वापरल्यास दोन्ही स्पेलिंग नोंदवून एकावरून दुसऱ्याकडे वळवावे. वर्षाचा थोडा जास्तीचा खर्च होईल, पण गिऱ्हाईक भरकटणार नाही. शिवाय नुसते गाव आणि नुसता माल जोडून केलेले नाव ट्रेडमार्क म्हणून मिळणे अवघड असते.

नाव मोकळे आहे म्हणजे ते वापरायला हरकत नाही, असेही समजू नये. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर सुक्या फळांच्या, म्हणजे 29 क्रमांकाच्या वर्गात ते आधी शोधून पाहावे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात ‘सिफी’ या नावाच्या एका ‘एफ’च्या आणि दोन ‘एफ’च्या स्पेलिंगवरून वाद होता, 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून नाव वापरणाऱ्या सत्यमच्या बाजूने निर्णय देताना डोमेन नावालाही, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातील नावालाही, ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते हे मान्य केले.

आडवी रेघ घेऊ नये. फोनवर ती कुणी सांगत नाही, आणि न सांगितलेली रेघ गिऱ्हाईकाला थेट दुसऱ्याच्या दारात नेते. देशातल्या देशात विक्री असेल तर डॉट इन अगदी पुरेसे आहे. डॉट भारत 2014 पासून देवनागरीत उपलब्ध आहे आणि मला त्याचे कौतुकही आहे. परंतु त्यावरचा ईमेल पत्ता अनेक ठिकाणी स्वीकारला जात नाही, म्हणून ते जोडीला घ्यावे, मुख्य म्हणून नव्हे.

त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेलही, तरीही नाव आपल्याच नावावर, आपल्याच ईमेल व मोबाइलवर नोंदवावे. सातबारा आपण शेजाऱ्याच्या नावावर ठेवत नाही. पैसे भरण्यापूर्वी पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत नव्हे, तर नूतनीकरणाची किंमत पाहावी.

प्रश्न : आमच्या क्लासच्या डॉट कॉम नावाची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली आणि वेबसाइट बंद पडली आहे. नाव गेले का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बहुधा नाही, पण आजच आपल्या खात्यात जाऊन नूतनीकरण करावे. मुदत संपल्यावर किती दिवस नेहमीच्या दराने पैसे भरता येतात, हे नाव नोंदवून देणाऱ्या प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. कंपनीने नाव काढून टाकल्यावरही 30 दिवस ते मूळ मालकालाच सोडवून घेता येते. मात्र त्याचा दंड चांगलाच जाणवतो. त्यानंतरच्या पाच दिवसांत काहीही करता येत नाही आणि मग ते कुणालाही घेता येते. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याला त्या मिळाल्या नसतील, तर त्या क्लासच्या कुठल्यातरी जुन्या, आता कुणी न उघडणाऱ्या ईमेलवर पडून असतील. नूतनीकरण करतानाच तो पत्ता बदलून घ्यावा.