रोजच्या अप-डाऊनला कुठली सेडान घ्यावी?

यावेळी टपालात आणि मेलवर निम्म्याहून जास्त प्रश्न गाडीचेच आलेत. जीएसटी कमी झाल्यापासून जो तो शोरूमला जाऊन क्वोटेशन घेऊन आलाय आणि घरी त्यावरनं वादावादी सुरू आहे. त्यातले चार प्रश्न घेतोय, पहिल्याला जरा जास्त जागा देतोय कारण तशाच अडचणीत बरेच जण दिसतात.

प्रश्न : राहायला सातारला, नोकरी शिरवळ एमआयडीसीत. कंपनीची बस बंद झाली, आता रोज जाऊन-येऊन ११५-१२० किमी स्वतःच्या गाडीने करायचेत. बजेट ऑनरोड (टॅक्स-इन्शुरन्स धरून) नऊ, ओढूनताणून साडेनऊ लाख. वडील म्हणतात मारुतीची डिझायर घे, बायको म्हणते ती टॅक्सीवाल्यांची गाडी आहे, आपण होंडाची अमेझ घेऊ, आणि ऑफिसातले म्हणतात आता सेडान कोण घेतं, एसयूव्ही घे. शिवाय सीएनजी घ्यावी का हा घोळ आहेच. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी ऑफिसातल्यांना बाजूला ठेवू. तुमचा जवळजवळ सगळा प्रवास हायवेचा आहे, ऐंशी-नव्वदच्या स्पीडला जमिनीलगतची गाडी स्थिर राहते, त्याच इंजिनात ॲव्हरेज जास्त देते, तेव्हा तुमच्या कामाला सेडानच बरोबर. आता वहिनींचा मुद्दा. टॅक्सीवाला दिवसाला दोन-अडीचशे किमी गाडी पळवतो आणि गाडी गॅरेजला लागली की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, असा माणूस जी गाडी परत परत घेतो तिच्याबद्दल यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट कुठलं आणायचं सांगा. पांढरा रंग तेवढा टाळा, नाहीतर एसटी स्टँडबाहेर उभी केली की कोणीतरी दार उघडून स्वारगेटचे किती घेणार म्हणून विचारणारच.

आता पैशाचं. महिन्याला २५ दिवस धरले तर तुमचे ३००० किमी होतात, म्हणजे वर्षाला ३६ हजार. नव्या डिझायरचा कंपनीचा आकडा पेट्रोल मॅन्युअलला लिटरमागे २४.७९ किमी आणि सीएनजीला किलोमागे ३३.७३ आहे, पण ते आकडे टेस्टिंगचे, रस्त्यावर पेट्रोलला २० आणि सीएनजीला २७ धरून चाला. पेट्रोल १०५ च्या आसपास धरलं तर महिन्याला साडेपंधरा-सोळा हजार जातात, सीएनजी नव्वद-पंचाण्णव धरला तर दहा-साडेदहा हजार. पाच हजारांचा फरक आहे आणि तो दर महिन्याला आहे. सीएनजी मॉडेल साधारण नव्वद हजारांनी महाग पडतं, पण आपल्याकडे रोड टॅक्स दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि सीएनजीला ८ टक्के आहे (जुलै २०२५ आधी सातच होता, एक वाढवला), त्यामुळे त्यातले पंधरा-एक हजार तिथेच सुटतात. उरलेले सव्वा-दीड वर्षात वसूल. महिन्याला ७००-८०० किमी फिरणाऱ्याने हा हिशोब वाचून सीएनजी घेऊ नये, त्याचे वसूल व्हायला पाच-सहा वर्षं जातील आणि डिकी फुकट जाईल.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. सीएनजीच्या टाकीत आठ-नऊ किलोच बसतो, म्हणजे तुम्हाला दिवसाआड पंपावर जावं लागणार. तेव्हा बुकिंगच्या आधी एक काम करा, तुमच्या जायच्या-यायच्या वेळेला वाटेतल्या पंपावर स्वतः थांबून रांग बघा, आणि पंप तुमच्या बाजूला आहे की डिव्हायडरच्या पलीकडे तेही बघा कारण हायवेला यूटर्न मारायला पुढे किती जावं लागतं ते तुम्हाला माहितीच आहे. प्रेशर कमी असेल तर टाकी अर्धीच भरते आणि मग रोजचीच वारी. रांग अर्ध्या तासाची असेल तर माझं मत पेट्रोलकडे जाईल, दिवसभर शिफ्ट करून कोण उभं राहणार तिथं.

दुसरं म्हणजे खंबाटकी घाट. सकाळी जाताना बोगद्यातून जाताय म्हणून काही जाणवणार नाही, संध्याकाळी परत येताना घाटाने यायचं झालं तर चढ आहे. डिझायरचं १.२ लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन पेट्रोलवर ८२ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच समजा) देतं, सीएनजीवर तेच ७० च्या आत येतं. एकटे असाल तर प्रश्न नाही, पण चार कलीग शेअरिंगला घेतले, एसी चालू आहे, पुढे उसाची डबल ट्रॉली चाललीय आणि बाजूने ट्रक, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जीव सोडते, दुसरा टाकावा लागतो. बटण दाबून घाटापुरतं पेट्रोलवर टाकायची सवय लावा, दोन-चार किमीने खिशाला काही होत नाही. टेस्ट ड्राइव्ह पण अशीच घ्या, शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात त्यात काही कळत नाही, चौघं बसा, एसी फुल करा आणि चढावर न्या.

अमेझ वाईट नाही हो. २०२४ च्या डिसेंबरात नवीन आली, चार सिलेंडर, ९० पीएस, सिग्नलला उभी असताना डिझायरपेक्षा शांत, डिकी ४१६ लिटरची. तुमच्यासाठी तिची खरी जमेची बाजू वॉरंटी आहे. मारुतीची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किमी, जे आधी होईल ते, आणि तुमचे एक लाख तीन वर्षांच्या आतच होतायत. होंडाला तीन वर्षं आहेत आणि किलोमीटरला लिमिट नाही. पण पेट्रोलवर ती प्रत्यक्षात सतरा-अठराच्या वर जाईल असं धरू नका, महिन्याला अठरा हजारांचं पेट्रोल लागेल.

सेफ्टी विचारली नाहीत पण सांगतो, नोव्हेंबर २०२४ ला आलेली ही डिझायर ग्लोबल एनकॅपच्या टेस्टमध्ये (ते गाड्या आपटून बघतात आणि स्टार देतात) मोठ्यांसाठी ५ स्टार आणि मुलांसाठी ४ स्टार मिळवून आलीय, मारुतीची पहिली ५ स्टार गाडी तीच, आणि सहा एअरबॅग अगदी खालच्या मॉडेललापण आहेत.

तर माझं मत, डिझायरचं व्हीएक्सआय सीएनजी मॉडेल, वरून एक्स्टेंडेड वॉरंटी लगेच घ्या, नंतर बघू म्हटलं की राहतं. पंपाचं जमत नसेल तर डिझायर पेट्रोल. आणि दर तीन-सव्वातीन महिन्यांनी तुमचे १० हजार किमी होऊन सर्व्हिसिंग येणार, तेव्हा सातारमधलं सर्व्हिस सेंटर कसं आहे ते तिथल्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या दोघा-तिघांना विचारून या. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. आणेवाडी टोलला फास्टॅगचा वार्षिक पास काढा, २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या. जाताना एक येताना एक अशी मोजणी होते त्यामुळे तुमचा वर्षाचा पास चार महिन्यांत संपेल, तरी एका वेळचे १५-एक रुपयेच पडतात.

प्रश्न : वय ५६, डावा गुडघा दुखतो, डॉक्टरांनी क्लच बंद करायला सांगितलाय. घोडबंदर रोडहून ऐरोलीला रोज जाते. ऑटोमॅटिक सेडान घ्यायचीय. डिझायर एएमटी स्वस्त आहे, अमेझ सीव्हीटी महाग. दोन्ही ऑटोमॅटिकच ना, मग जास्त पैसे कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, क्लचचं पेडल दोन्हीत नाही, एवढंच सारखं आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं, आणि ते करताना पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एक हलका धक्का बसतो. मोकळ्या रस्त्यावर हे विसरायला होतं, पण तुमच्या घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, दहा फूट पुढे थांब, परत दहा फूट पुढे, तिथं दिवसातून शे-दोनशे वेळा मान पुढे-मागे होते. सीव्हीटीमध्ये गिअरच नसतात, पट्टा आणि पुल्यांवर चालतं, गाडी लोण्यासारखी सरकते. जोरात ॲक्सिलरेटर दाबलात तर आवाज आधी येतो आणि गाडी नंतर पळते, पण तुम्हाला तिथं पळवायला रस्ता आहे कुठे!

एएमटीच्या बाजूने सांगायचं तर ॲव्हरेज भारी, डिझायरचा कंपनीचा आकडा २५.७१ आहे, अमेझ सीव्हीटीचा १९.४६. पण गुडघ्यासाठी गाडी घेताय तर मी सीव्हीटीच घेईन. एक मात्र आहे, सेडान खाली असते, बसता-उठताना गुडघ्यावर जोर येतो, तेव्हा शोरूममध्ये चार-पाच वेळा बसून उठून बघा, नेहमीच्या चपला आणि नेहमीचे कपडे घालून, सीट वर-खाली करायची सोय असलेलं मॉडेल बघा, आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आणि ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय पूर्ण रिकामा ठेवायचा, त्याने ब्रेक दाबायला जाऊ नका, क्लचची सवय असलेला पाय ब्रेक पण क्लचसारखाच खच्चून दाबतो आणि मागचा येऊन ठोकतो.

प्रश्न : ह्युंदाईची ऑरा बुक करतोय. क्वोटेशनमध्ये इन्शुरन्स ५२ हजार, हँडलिंग चार्जेस ८ हजार, ॲक्सेसरीज पॅकेज १८ हजार लावलेत. सेल्समन म्हणतो इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो. शिवाय एक गाडी "स्टॉकमधली" आहे, तिच्यावर ३० हजार सूट. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घ्यावा लागतो असं काही नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) इन्शुरन्स कंपल्सरी आहे, बाकी ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) एक वर्षाचा घेतला तरी चालतो, आणि कुठून घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं. सेम आयडीव्ही (इन्शुरन्सने धरलेली गाडीची किंमत), सेम झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारा), इंजिन प्रोटेक्ट (पंचगंगेला पूर आला की कोल्हापुरात हे लागतंच) टाकून बाहेर दोन-तीन ठिकाणी रेट काढा आणि तो कागद त्याच्यासमोर ठेवा, बऱ्याचदा तिथल्या तिथे रेट खाली येतो. बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही असं सांगतील, कॅशलेस कुठे मिळतं हे इन्शुरन्स कंपनीच्या गॅरेजच्या यादीवर ठरतं, ती यादी बघून घ्या. हँडलिंग चार्जेस सरळ काढायला लावा, गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम (रोड टॅक्स-इन्शुरन्सच्या आधीच्या) किमतीत धरलेला असतो. ॲक्सेसरीजमधलं मॅट आणि मडफ्लॅप घ्या, बाकी परफ्युम-कुशन-क्रोमच्या पट्ट्या बाजारात निम्म्या भावात मिळतात.

स्टॉकमधल्या गाडीचं, सूट का देतायत ते बघायला पाहिजे. गाडीवरच्या प्लेटवर बनल्याचा महिना-वर्ष बघा. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर, पाचही टायरचे आकडे जवळपास असले पाहिजेत, एखादाच वेगळा असेल तर विचारा. तीन-चार महिने जुनी असेल तर ३० हजारांत घ्यायला हरकत नाही, पण गेल्या वर्षातली असेल तर विकताना गिऱ्हाईक वर्ष बघूनच पैसे कापणार, तेव्हा साठ-सत्तर हजारांच्या खाली ऐकू नका. आणि पासिंग व्हायच्या आधी गाडी उन्हात बाहेर काढायला लावून बघा, शोरूमच्या लाइटखाली रंगातला फरक कळत नाही. एकदा नंबर पडला की ती गाडी तुमची, मग ओरखडा दाखवून उपयोग नाही.

प्रश्न : बजेट दहा लाखांचं होतं, पण फोक्सवॅगनची व्हर्टस चालवली आणि डोक्यातून जात नाहीये. सात वर्षांचं लोन केलं की ईएमआय बसतो. रोजचं रनिंग नाशकात १५ किमी. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गाडी झकास आहे यात वादच नाही, १.० लिटरचं टीएसआय टर्बो इंजिन पण ११५ पीएसचं आहे, ग्लोबल एनकॅपला ५ स्टार आहेत, हायवेला मजा येते. पण चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, ही चार मीटरपेक्षा लांब म्हणून हिला ४० टक्के. एक्स-शोरूम दहा लाखाच्या वर गेलात की रोड टॅक्स १२ टक्के होतो आणि १ टक्का टीसीएस (डीलरने बिलातच घेतलेला इन्कम टॅक्स) भरावा लागतो, तो रिटर्नमध्ये परत येतो पण आत्ता खिशातून जातोच.

आणि सात वर्षांचं काय होतं बघा, दहा लाखाला ९ टक्क्याने पाच वर्षांचा हप्ता २० हजार ७५८ येतो आणि एकूण साडेबारा लाखाच्या जरा आत भरता, सात वर्षांचा हप्ता १६ हजार ८९ आणि एकूण साडेतेरा लाख. म्हणजे हप्ता हलका वाटावा म्हणून लाखभर रुपये जास्त. रोज १५ किमी, ते पण द्वारका सर्कलच्या गर्दीत, तिथं टर्बोचा उपयोग सिग्नल सुटल्यावर पुढच्या रिक्षाच्या मागे लवकर पोचण्यापुरताच. दर शनिवार-रविवार मुंबई-पुणे करत असाल आणि पाच वर्षांचा हप्ता पगाराच्या वीस टक्क्यांत बसत असेल तर बिनधास्त घ्या, डोक्यातली गाडी घेतली नाही तर माणूस दुसरीला रोज नावं ठेवतो हे पण खरं आहे. नाहीतर अमेझ किंवा ऑरा घ्या, तीन वर्षांचं लोन करा, आणि व्हर्टसच घ्यायची झाली तर १.५ च्या डीएसजीच्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकच्या) नादाला लागू नका, १.० मधला टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गर्दीत जास्त निवांत चालतो.