रोज ऑफिसला जाण्यासाठी सायकल घेताना डिस्क ब्रेक घ्यावेत की रिम ब्रेक?

पुण्यात पावसाळ्यातही सायकल चालवणार असाल, तर डिस्क ब्रेकच घ्यावेत, असे माझे मत आहे. रिम, म्हणजे चाकाची बाहेरची धातूची कड, ओली असली की रिम ब्रेकचे रबर आधी पाणी पुसते आणि मगच पकड घेते. डिस्कची चकती मात्र रस्त्यावरील चिखल-पाण्यापासून वर, हबजवळ (चाकाच्या मध्याशी) असल्यामुळे सिंहगडाच्या उतारावर भर पावसातही ब्रेकवरचा माझा भरवसा टिकून राहिला. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक घरी जुळवता येतात, तर हायड्रॉलिकला (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकला) एका बोटाचा दाब पुरतो. जपायचे ते तेलापासून: साखळीला तेल देताना थेंब चकतीवर उडाला, तर चकतीला पकडणारे पॅड ते शोषून घेतात, ब्रेक किंचाळू लागतात आणि बहुधा नवे पॅडच बसवावे लागतात (ही चूक मी दोनदा केली आहे).