स्वभाव कळला की निर्णय कळतो का?

प्रश्न: एखाद्या नेत्याचा स्वभाव माहीत असला तर तो पुढे काय करणार हे आधी सांगता येतं का? की नंतर सगळेच 'मी म्हटलंच होतं' म्हणतात?

उत्तर: नंतर बोलणारेच जास्त, खरंय. पण 1943 मध्ये वॉल्टर लँगर या मनोविश्लेषकाने अमेरिकन गुप्तचर खात्यासाठी हिटलरचा रिपोर्ट केला, तोही त्याला न भेटता, आणि हरायची वेळ आली तर हा बहुतेक आत्महत्याच करेल असं लिहून दिलं. 1945 ला तेच झालं.

याच्या उलट सप्टेंबर 1962. सीआयए म्हणते, सोव्हिएत अमेरिकेशेजारच्या क्युबात अणुक्षेपणास्त्रं ठेवणार नाहीत, एवढी रिस्क ते घेत नाहीत, आणि इकडे ती जहाजातून उतरायला लागली होती! माझ्या मते चूक कुठे झाली, तर शहाणा माणूस काय करेल याचा हिशोब मांडला, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव काय करेल याचा नाही.

पुढच्या महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खोलीत ल्युवेलिन थॉम्पसन होता, मॉस्कोत राजदूत राहिलेला, ख्रुश्चेवला जवळून बघितलेला. केनेडींना वाटत होतं आता बोलून उपयोग नाही, तर हा म्हणाला की ख्रुश्चेवला 'मी क्युबा वाचवला' असं घरी सांगता आलं पाहिजे, मग तो मागे फिरेल. केनेडींनी क्युबावर हल्ला करणार नाही असा शब्द दिला, तुर्कस्तानातली स्वतःची क्षेपणास्त्रं हलवायचं गुपचूप कबूल केलं, आणि ख्रुश्चेव मागे फिरला.

म्हणून नुसता तापट की शांत एवढं बघू नका, त्याला घरच्यांना काय तोंड दाखवायचंय तेही बघा.